नाव न घेण्याची सोय

आमच्या तिसगावात एक वाद अजून मिटलेला नाही. खोकल्याचं नाहीतर गुडघेदुखीचं औषध न्यायला आलेल्या म्हाताऱ्या माणसांना डॉक्टरांनी आपणहून स्मरणशक्तीबद्दल प्रश्न विचारावेत की विचारू नयेत? पारावर, दवाखान्याच्या बाकड्यावर, चक्कीत दळणाची वाट बघताना यावर अजून बोललं जातं, आणि मी दिसलो की लोक थांबून मला विचारतात, "गुरुजी, तुमचं काय म्हणणं?" मला रस्त्यात उभं राहून ते सांगता येत नाही. म्हणून लिहितो आहे. एका बैठकीत फार होत नाही, थोडं लिहून ठेवून देतो.

माझी पत्नी द्वारका मागच्या पौषात गेली. मी इथल्या हायस्कुलात मराठी शिकवत असे, निवृत्त होऊन काही वर्षं झाली. आजार तिचा होता, तरी एका घरात राहणाऱ्या दोन माणसांपैकी एकालाच आजार होतो असं आता मला वाटत नाही.

पहिली शंका

दुष्काळ पडला त्याच्या आदल्या श्रावणातली गोष्ट. नागपंचमीला आमच्या घरात काही चिरत नाहीत आणि चुलीवर तवा चढत नाही. द्वारका राहात्याची. तिथून ही रीत घेऊन आली आणि तिनं ती इतकी कडक पाळली की त्या दिवशी मला पेन्सिलीला टोक करायचीही बंदी असे. त्या नागपंचमीला मी सकाळी स्वयंपाकघरात डोकावलो तर ती विळीवर बसून दुध्या चिरत होती.

मी म्हटलं, "अगं, आज पंचमी ना?"

"माहीत आहे मला," ती म्हणाली आणि चिरत राहिली. थोड्या वेळानं तिचा हात थांबला. फोडींकडे तिनं असं पाहिलं, जणू त्या दुसऱ्याच कुणी चिरून ठेवल्यात. मग विळी मिटून भिंतीला लावली आणि मला म्हणाली, "बाहेर कुणाला सांगू नका."

मी सांगितलं नाही. वय झालं, विसरली, असं मनाशी म्हटलं. माझ्या चष्म्याचा पत्ता मलाही रोज लागत नसे.

दवाखान्यातली परीक्षा

आमचे डॉक्टर गंधे वयानं तरुण, पण गावात रुळलेले. त्यांनी कुठल्याशा वैद्यकीय मासिकात वाचलं की म्हातारपणी होणारा विसराळूपणाचा आजार घरच्या डॉक्टरला लवकर ओळखता येतो, त्यासाठी चार प्रश्न पुरतात. तेव्हापासून साठी ओलांडलेलं कुणी समोर बसलं की ते नाडी बघताबघता विचारायचे. आज तारीख काय? शंभरातून सात गेले किती? आपल्या राज्याची राजधानी कोणती?

गावात हसू झालं. डॉक्टरांनी म्हाताऱ्यांची शाळा काढली, असं लोक म्हणू लागले. औषधाची बाटली घेऊन बाहेर येणाऱ्याला बाकड्यावरचे विचारायचे, "काय नाना, पास का नापास?"

द्वारकेला सर्दी झाली म्हणून मी तिला घेऊन गेलो. शेजारच्या पारूबाईही गुडघा दाखवायला बरोबर होत्या. डॉक्टरांनी द्वारकेला तारीख विचारली. ती म्हणाली, "तारखा ह्यांच्या. आज दशमी आहे." डॉक्टरांनी कॅलेंडर पाहिलं. दशमीच होती. शंभरातून सात तिनं माझ्यावर ढकलले. मग डॉक्टरांनी विचारलं, "मालकांचं नाव काय?"

द्वारकेनं मान खाली घातली. पदर सारखा केला. चेहऱ्यावर थोडं हसू.

पारूबाई खोकत हसल्या. "डाक्टर, तुमी कुठलं वो? आमच्यात नवऱ्याचं नाव आसं फुकट घेत न्हाईत. उखाना घालाया लावा."

"बरं, उखाण्यात घ्या," डॉक्टर म्हणाले.

द्वारकेनं लगेच म्हटलं,

"बारवेच्या पायरीवर घागर ठेवते भरून,
वामनरावांचं नाव घेते पदर नीट करून."

बाहेरच्या बाकड्यावरूनसुद्धा वाहवा आली. डॉक्टरही खूष झाले. "काकूंची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे," ते म्हणाले आणि सर्दीच्या गोळ्या दिल्या. मी मोकळ्या मनानं घरी आलो. विळीची गोष्ट मी त्या दिवशी मनातून काढून टाकली.

स्टँडवर

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही राहात्याला तिच्या भावाकडे गेलो होतो. परत येताना नगरच्या स्टँडवर तिला बाकावर बसवून मी पाथर्डीच्या गाडीची चौकशी करायला गेलो. आलो तर तिच्याभोवती बायकांचा घोळका आणि मध्ये एक हवालदार. ती उठून दुसऱ्याच गाडीत चढली होती. कुठं जायचंय हे तिला सांगता येईना, म्हणून कंडक्टरनं उतरवलं होतं.

हवालदार विचारत होता, "बाई, मालकांचं नाव सांगा. म्हणजे पुकारता येईल."

ती मान खाली घालून उभी. पदर सारखा करत होती.

"आहो, त्या कशा सांगतील?" एक बाई हवालदारावरच डाफरली. "लाजत्यात त्या. तुमची मंडळी घेते का तुमचं नाव?"

मी पुढे झालो. हवालदारानं तिला विचारलं, "हे तुमचे कोण?"

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "गुरुजी आहेत," ती म्हणाली. "शाळेत शिकवतात."

घोळका हसला, कारण सगळ्यांना तेही लाजणंच वाटलं. मीही हसलो असेन. गाडी भिंगारच्या पुढे गेल्यावर मी तिला हळूच विचारलं, "तुला माझं नाव आठवत नव्हतं का?"

ती खिडकीबाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "नव्हतं आठवत. पण कुणाला कळलं नाही ना?"

"आणि तेव्हा? डॉक्टरांकडे?"

"तेव्हाही नव्हतं. उखाणा धरला की त्याच्या मागोमाग येतं ते. आपण नुसतं तोंड उघडायचं." आणि मग अगदी व्यवहारी आवाजात म्हणाली, "बरी सोय आहे. नाव घेतलं नाही तर लोक कौतुकच करतात."

म्हणजे तिला कळत होतं. डॉक्टरांच्या, पारूबाईंच्या आणि माझ्याही आधी तिला कळलं होतं. आम्ही सगळे हसत होतो तेव्हा ती एकटी तो आजार पदराखाली धरून बसली होती. मला त्या गाडीत वाईट वाटलं ते एवढ्याचंच, तिच्या एकटेपणाचं.

ज्या दिवशी कळलं

मी डॉक्टरांना स्टँडवरचा प्रकार सांगितला. ते खुर्चीत मागे टेकले. "माझा प्रश्नच चुकला," म्हणाले. "ज्यांनी ते मासिक लिहिलं त्यांच्याकडच्या बायका नवऱ्याला नावानं हाक मारतात."

मग त्यांनी तिला परत बोलावलं आणि आमच्या जगण्यातले प्रश्न विचारले. काल रात्री काय रांधलं? पुरण घालायचं तर आधी काय, मग काय? मघाशी दारात कोण भेटलं? पुरणाचं तिनं बरोबर सांगितलं. रात्रीचं सांगता आलं नाही. दारात पारूबाई भेटल्या होत्या, ते तर तिला पटेचना.

दुसरा काही आजार असेल तर कळावं म्हणून त्यांनी नगरच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथं काही दिवस राहिलो. सकाळी सिस्टर थर्मामीटर लावून जायची, मग झाडणारीण यायची, मग मोठे डॉक्टर मागे पोरांची रांग घेऊन येत. डोक्याचा फोटो काढला. पाठीतून पाणी काढलं, त्याची मला फार भीती वाटली होती. तिनं माझाच हात धरून "होतंय, होतंय" म्हणून मला धीर दिला.

शेजारच्या खाटेवर भिंगारच्या हमीदाबी होत्या. द्वारका त्यांना रोज सकाळी नाव विचारायची आणि त्या रोज पहिल्यांदाच भेटल्यासारखं सांगायच्या, "मी हमीदा. आनि तुमी?" एकदाही त्यांनी "कालच सांगितलं की" म्हटलं नाही. निघायच्या दिवशी द्वारका मला म्हणाली, "इथली माणसं चांगली आहेत. रोज कुणीतरी नवीन मैत्रीण मिळते." त्या बाईंचे उपकार कसे फेडावेत हे मला आजही माहीत नाही.

नगरहून कागद आले. डॉक्टर गंध्यांनी मला आणि आमच्या अरविंदला आतल्या खोलीत बसवलं. अरविंद आमचा एकुलता मुलगा, नगरला सावेडीत राहतो, सरकारी नोकरीत आहे. शैला त्याची बायको.

"मेंदू थकत जाण्याचा आजार आहे," डॉक्टर म्हणाले. "हळूहळू वाढेल. औषध माझ्याकडे नाही, पुण्या-मुंबईलाही नाही."

अरविंद म्हणाला, "मग आईला सांगायचंच कशाला? औषध नाही तर कळून उपयोग काय? उगाच खचेल. अण्णा, आपण तिला सावेडीला नेऊ आणि सांभाळू. बाहेर कुठं बोलायचं नाही."

मला त्याचं म्हणणं पटत होतं. तो आईवरच्या मायेनंच बोलत होता.

"तुम्ही सांगू नका," डॉक्टर म्हणाले. "पण त्यांनी मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

एवढ्यात द्वारका पडदा सारून आत आली. बाहेर बसून कंटाळली होती. "आजारी मी आणि आत बसलात तुम्ही," ती म्हणाली. "डॉक्टर, मला वेड लागलंय का?"

"नाही काकू."

"मग काय आहे?"

डॉक्टरांनी तिला खुर्ची दिली आणि आम्हाला सांगितलं तेच तिला सोप्या शब्दांत सांगितलं. अरविंद उठून खिडकीशी गेला. ती ऐकत होती.

"म्हणजे मी सगळं विसरणार."

"हळूहळू."

"एकदम नाही ना?"

"एकदम नाही."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "चला, दूध झाकायचं राहिलंय." घरी येऊन पाहिलं, तर खरोखरच दूध उघडं होतं.

तिनं ठरवलं ते

त्या संध्याकाळी ती रडली. मीही रडलो. पण तिला आता लपवायला काही उरलं नव्हतं, आणि ते तिच्या अंगावरून उतरलेलं मला दिसत होतं. दुसऱ्या दिवसापासून ती नाव आठवलं नाही तर सरळ म्हणायची, "अहो, ते ह्यांचं काय हो?"

मग तिनं बोलायला सुरुवात केली. एका वेळी एक गोष्ट, जशी सुचेल तशी. "मला सावेडीला नेऊ नका. तिथं मला न्हाणीघर सापडत नाही. इथं डोळे मिटून सापडतं." "मला न्हाऊ घालायची वेळ आली तर पारूबाईनं घालावं. सुनेची मला लाज वाटते, तिलाही माझी वाटेल." "मी शिव्या दिल्या तर ऐकून घ्या. माझ्या आजीलाही असंच झालं होतं, तिनं दिल्या होत्या, मला माहीत आहे कुठल्या येतील ते."

अरविंद आला की ती त्यालाही सांगू बघायची. तो कानावर हात ठेवायचा. "आई, असलं अभद्र बोलू नकोस. तुला काही होत नाही."

"अभद्र नाही रे, सोयीचं बोलतेय," ती म्हणायची. "मला कळतंय तोवर माझ्याशी बोला. नंतर माझ्याबद्दल बोलालच."

आणि तिनं मला स्वयंपाक शिकवला. इतकी वर्षं मी पाण्याचा तांब्यादेखील हातानं भरून घेतला नव्हता. ती पाटावर बसायची आणि मी स्टोव्हशी झटायचो. माझी पहिली पोळी तिनं उलटसुलट करून पाहिली. "हिचा आकार तुम्हीच व्याकरणात शोधा," म्हणाली. आम्ही इतके हसलो की पारूबाई बघायला आल्या. आमच्या संसारातल्या सुखाच्या दिवसांत मी ते दिवस धरतो. आजार कळला नसता तर ते आले नसते.

लोक काय म्हणतात

आमची गोष्ट पसरली आणि गावात दोन तट पडले. मी ऐकलं ते जसंच्या तसं सांगतो, कारण विरोध करणाऱ्यांचंही खोटं नव्हतं.

भिवाजी नाना म्हणून एक शेतकरी आहेत. ते डॉक्टरांना तोंडावर म्हणाले, "म्या न्हाई देनार परीक्षा. रान माझ्या नावावर हाय. म्या नापास झालो की पोरं उद्याच्याला तलाठ्याकडं पळत्याल."

चक्कीवाल्यांचं म्हणणं, म्हातारपणी माणूस विसरणारच, त्याला आजार कशाला म्हणायचं. दुसरे कुणी म्हणाले, घरात असं काही आहे हे कळलं की पोरीची सोयरीक मोडते. पारूबाई आधी विरोधातच होत्या. "ताप आला तर तापाचं औशद देता. इसरलं तर काय देनार? मंग कशाला जिवाला घोर?"

पण चक्कीतच एका सुनेनं सांगितलेलं मी विसरू शकत नाही. तिची सासू रोज म्हणायची, मला जेवायला दिलं नाही. दिलेलं असायचं. सून म्हणाली, "गावभर माजी आब्रू गेली. म्या बी लई भांडले तिच्यासंगं. हा आजार हाय आसं कुनी आधी सांगितलं आसतं तर म्या कशाला भांडले आसते?"

माझं म्हणणं असं झालं आहे. डॉक्टरांनी विचारावं, पण आधी "विचारू का?" असं विचारून. नको म्हणणाऱ्याला सोडून द्यावं. मुलासुनांसमोर, बाकड्यावरच्यांना ऐकू जाईल असं विचारू नये. आणि जे कळेल ते ज्याचं त्याला पहिल्यांदा सांगावं. डॉक्टर गंधे आता असंच करतात. येणाऱ्यांची संख्या कमी झाली असं ते म्हणतात, पण जे येतात ते आपल्या पायांनी येतात.

पुढचं

नंतरचा काळ सोपा नव्हता. ती मला पुष्कळदा घरात आलेला परका समजे. शिव्या आल्या, त्या तिनं सांगितल्या होत्या त्याच. एकदा ती भर दुपारी राहात्याला निघाली आणि शाळेजवळ सापडली. अरविंद धावत आला. "अण्णा, आता पुरे. हट्ट सोडा, मी तिला घेऊन जातो."

मी म्हटलं, "हट्ट माझा नाही. तिनं सांगितलंय."

"तेव्हा सांगितलं. आता तिला काय कळतंय?"

"म्हणून तर तेव्हाचं धरायचं."

तो रागावून ओट्यावर बसला. द्वारका आतून आली. तिनं त्याला ओळखलं नव्हतं. पण पाहुणा आलाय म्हणून अंधाऱ्या माजघरातून, कुठंही न अडखळता, रांजणातलं पाणी तांब्यात भरून आणलं आणि त्याच्यापुढं ठेवलं. तो त्या तांब्याकडे बघत राहिला. मग प्यायला. नेण्याची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही. दाराला वरच्या बाजूनं एक कडी मात्र बसवून गेला, आणि त्यानंतर दर रविवारी येऊ लागला.

ती गेली ती न्यूमोनियानं, घरात. आदल्या दिवशी पारूबाईंनी तिला न्हाऊ घातलं होतं. केस विंचरताना त्या काहीबाही बोलत होत्या आणि ती ऐकून हसत होती. मला आत जावंसं वाटलं नाही. त्या दोघींचं ते चाललं होतं.

गेल्या रविवारी

हे इथपर्यंत लिहून झालं होतं. गेल्या रविवारी अरविंद आला, तेव्हा मी भाजी निवडत होतो. तोही खाली बसला आणि निवडू लागला. म्हणाला, "ओट्याची फरशी उखडलीय, पुढच्या वेळी गवंडी आणतो. म्हणजे तुम्हाला पुढंमागं त्रास नको. तुम्हीही आईसारखे इथंच राहणार ना."

मी म्हटलं, "मला सावेडीला यायचंय."

त्याच्या हातातली जुडी तशीच राहिली. "सावेडीला? कायमचं?"

"कायमचं. तुझ्या घरापासून वाचनालय चालत जाण्यासारखं आहे. संध्याकाळी बोलायला माणसं आहेत. इथं मला आता करमत नाही. आणि पुढं माझंही डोकं थकलं, तर शैलानं माझं काही करू नये, माणूस ठेवावा."

मला वाटलं तो म्हणणार, असलं बोलू नका. पण तो खाली बघतच म्हणाला, "मी धरून चाललो होतो की तुम्ही हे घर सोडणार नाही. आईसाठी इतके भांडलात माझ्याशी."

"ते तिचं होतं. हे माझं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस."

त्यानं जुडी सोडली, पानं खुडू लागला. थोड्या वेळानं विचारलं, "पुस्तकं किती आणणार?"

"सगळी."

"सगळी?" तो हसला. "मग शैलाला विचारायला लागेल."

"विचार की," मी म्हटलं. "तिलाही विचारलंच पाहिजे."